नऊ फुटी वर्तुळाची मोजणी

"आमच्या घरात एक चेटकीण आहे, चला दाखवतो," असं मी राखीपौर्णिमेला माझ्या दोन्ही बहिणींना म्हणालो आणि श्रियाच्या खोलीच्या गॅलरीचं दार उघडलं. आत पाटावर तिची मांडणी होती. मिठाची वाटी, पाण्याचा पेला, माझ्याच चहाच्या कपात उभी केलेली मेणबत्ती, मुठीएवढा दगड, मोराचं पीस, आणि जिनं साधा कांदासुद्धा कापायचा नाही अशी एक सुरी. बहिणी हसल्या. बहिणी हसतायत म्हटल्यावर मला चेव आला. मी सांगितलं की दारामागे टांगलेला तो झाडू तिचं वाहन आहे, पौर्णिमेला त्यावर बसून ती पाटसपर्यंत जाऊन येते. मागं वळलो तर श्रिया दारात उभी. हातात ओवाळणीच्या ताटातला नारळ. तिनं तो नारळ खाली ठेवला, अगदी हळू. आदळला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझी वीस वर्षांची मुलगी माझ्याशी बोलेनाशी झाली.

अबोला म्हणजे आदळआपट असते अशी माझी समजूत होती. हिचा अबोला फार नीटनेटका होता. सकाळचा चहा वेळेवर टेबलावर यायचा. पेपर घडी करून यायचा. मी हातभर अंतरावर उभा असताना ती आईला म्हणायची, "आई, बाबांना सांग, टाकी भरली." इंदिरा, म्हणजे आमची सौभाग्यवती, माझ्याकडे बघून म्हणायची, "टाकी भरली." मी म्हणायचो, "ऐकलं." इंदिरा तिला सांगायची, "ऐकलं म्हणतात." असा आमचा टपाल विभाग चालू होता. गणपतीत तिनं सगळ्या आरत्या खणखणीत म्हटल्या आणि तबक माझ्यापाशी आलं तेव्हा ते माझ्या शेजारच्या फ्रिजवर ठेवलं. फोनवर आमचा तिघांचा 'घर' नावाचा ग्रुप होता, त्यातून ती बाहेर पडली. आता त्या 'घरा'त मी आणि इंदिरा दोघंच उरलो आणि एकमेकांना कोथिंबीर आणायची आठवण करत बसलो.

मी भूकरमापक आहे. म्हणजे सरकारी मोजणीवाला. राहायला बारामतीत, नोकरी इंदापूरला. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजतोय. बांधावरून एकमेकांच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन धावलेले सख्खे भाऊ मी माझ्या फितीच्या दोन टोकांना उभे केलेत आणि संध्याकाळी एका किटलीतला चहा प्यायला लावलाय. पण बाप आणि लेक यांच्यात जी हद्द पडते तिला गट नंबर नसतो. तिचा नकाशा कुठल्याच दप्तरात मिळत नाही.

शेवटी इंदिराच एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तिचं काय आहे ते समजून तरी घ्या. हसायला काही वाचावं लागत नाही. समजायला लागतं."

म्हणून मी वाचायला घेतलं. श्रिया जे करते त्याला विक्का म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मी त्यावरची बासष्ट पानं छापून घेतली. तो मनुष्य प्रत्येक पान यंत्रातून निघालं की वाचायचा आणि मगच मला द्यायचा. चौदावं पान चांगलं आहे असंही त्यानं सुचवलं. दुपारपर्यंत ही बातमी कचेरीत पोचली, आणि संध्याकाळी आमच्या एका शिपायानं मला बाजूला घेऊन विचारलं की साहेब, बदली रद्द होण्यासाठी त्यात काही आहे का.

बारामती ते इंदापूर एसटीत जाताना आणि येताना मी ती पानं वाचली. इंग्रजी जड होतं, खिडकीतून वारा यायचा, पानं उडायची. एकदा सतरावं पान उडून पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पदरात पडलं. त्यांनी ते मला परत दिलं आणि उरलेल्या प्रवासात पदर आवरून बसल्या. पण हळूहळू मला एकेक उमगत गेलं. हा एक धर्म आहे. माती, वारा, आग आणि पाणी ही त्याची चार दैवतं म्हणा, चार साक्षीदार म्हणा. वर्षाचं चाक फिरतं आणि त्याचे आठ आरे म्हणजे आठ सण. आणि त्यांची ती जादू म्हणजे टोपीतून कबुतर काढणं नव्हे. ती अशी, की मन एका गोष्टीवर आणायचं. काय हवंय ते स्वतःला स्वच्छ सांगायचं. मग गाऊन, फेर धरून, श्वास लावून अंगात बळ आणायचं आणि ते त्या गोष्टीकडे सोडून द्यायचं. सोडल्यावर हातावर हात ठेवून बसायचं नाही. नोकरी हवी असेल तर मंत्र म्हणायचा आणि अर्जही करायचा. हे मला फार आवडलं. सरकारी माणसाला यापेक्षा समजूतदार धर्म सापडणं कठीण.

त्यांचा नियम एकच, की कुणाला इजा होईल असं काही करायचं नाही. आणि त्याला जोडून एक ताकीद. जे तुम्ही जगात सोडाल ते तिप्पट होऊन तुमच्याकडे परत येतं. काटेवाडीच्या थांब्यावर हे वाक्य वाचलं आणि मी पानं मिटली. मी एक थट्टा सोडली होती. तिच्या बदल्यात अबोला आला, तो एक धरला, तर अजून दोन यायचे होते. मी इकडेतिकडे बघितलं. एसटीत तरी कुणी काही घेऊन आलेलं दिसत नव्हतं.

पण मी खरा विरघळलो तो वर्तुळापाशी. विधी करायचा तर आधी जमिनीवर नऊ फुटांचं वर्तुळ आखायचं. चार दिशांना चार खुणा. ती हद्द. तिच्या आत आपलं रोजचं जग येत नाही. सत्तावीस वर्षं मी हद्दी आखल्या त्या कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी. ही हद्द अशी की तिच्या आत माणूस नुसता शांत उभा राहतो. माझे डोळे भरून आले. कंडक्टरनं विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, वारा लागला.

त्याच आठवड्यात इंदिराच्या टपालातून कळलं की दिवस आणि रात्र सारखी होतात त्या दिवशी श्रियाला वर्तुळ करायचं होतं. दोन मैत्रिणी येणार होत्या. एकीच्या आईनं नको म्हटलं, दुसरीला वसतिगृहातून सुटी मिळेना. यंदा तो दिवस नेमका घटस्थापनेला आला होता. तिच्या पाटावरची मिठाची वाटी दोन दिवस रिकामी दिसली. मी ठरवलं, माफी तोंडानं मागायला आपल्याला जमत नाही. आखायला जमतं. तिचं वर्तुळ मी आखून देईन.

आधी आमच्या इमारतीची गच्ची मागितली. तिथले सचिव आप्पा. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी अर्ज दोन प्रतींत मागितला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं, 'कौटुंबिक, वर्तुळाकार.' आप्पांनी तो शेरा मारून परत केला. मग मी तोंडी खुलासा केला. ते सगळं लक्ष देऊन ऐकून घेऊन आप्पांनी मत दिलं की दिशा चुकल्यात. पाणी ईशान्येला पाहिजे आणि अग्नी आग्नेयेला, ही परदेशी मंडळी मुख्य दिशांवरच थांबतात, कोपऱ्यांपर्यंत पोचतच नाहीत. शिवाय शेवटी एक सत्यनारायण घालून टाका, म्हणजे कशात काही कमी राहायला नको. एवढा सल्ला देऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं की गच्ची त्या दिवशी दांडियाच्या सरावाला आधीच दिलेली आहे.

मग मी बावड्याला फोन लावला. बावडा हे इंदापूर तालुक्यातलं इंदिराचं माहेर. माझा मेहुणा जोतीराम तिथं शेती करतो, सासूबाई प्रयागबाई त्याच्याकडेच असतात. नाहीतरी घट बसवायला आम्ही दरवर्षी तिकडेच जातो. जोतीराम म्हणाला, "कांद्याचं रान मोकळंच हाय, दाजी. गोल आखा न्हायतर चौकोन आखा." कशाला, असं त्यानं विचारलं नाही. सरकारी माणसाला कशाला म्हणून विचारायचं नसतं हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. रजेच्या अर्जावर मी 'कौटुंबिक' लिहिलं. आमच्या साहेबांनी विचारलं, काय कौटुंबिक? मी म्हटलं, मुलीचं आहे. त्यांनी लगेच सही केली आणि मुलगा काय करतो म्हणून विचारलं. खुलासा करण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

घटस्थापनेच्या सकाळी बावड्यात सासूबाईंनी टोपलीत काळी माती पसरली, गहू पेरला, वर घट ठेवला. श्रिया त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. मी म्हटलं, जरा रानात जाऊन येतो. ती आईला म्हणाली, "बाबांना सांग, टोपी घाला. ऊन आहे." त्या टोपीवर मी अर्धा मैल तरंगत गेलो.

रान सुरेख होतं. पाऊस उघडलेला, माती कुळवून भुसभुशीत केलेली, कडेला एक लिंब, त्याच्या सावलीत चिमण्या धुळीत अंघोळ करत होत्या. दक्षिणेकडे झाडांची एक हिरवी ओळ, म्हणजे नीरा नदी. लिंबाजवळ बांधाला लागून मी जागा धरली आणि तिच्या मध्यभागी खुंटी ठोकली. साडेचार फुटांची दोरी बांधली आणि पांढऱ्या फक्कीनं वर्तुळ काढलं. मग घरची जुनी फीत घेऊन दोन्हीकडून तपासलं. नऊ फूट, इंचाचाही फरक नाही. चार दिशांना चार काठ्या रोवून त्यांना चार रंगांच्या झेंड्या लावल्या. मधोमध पाट, त्यावर मीठ, पाणी, मेणबत्ती, आणि श्रियाच्या पिशवीतून इंदिरानं मला गुपचूप दिलेली ती सुरी. दोन पावलं मागं सरून मी बघितलं. आयुष्यात इतकी सुंदर मोजणी मी केली नव्हती.

नेमकं तेव्हाच त्या बांधावर गेणूतात्या येऊन उभे राहिले. जोतीरामचे शेजारी. वय सत्तरच्या पुढं, नजर घारीची.

"सायब," ते म्हणाले, "कशाची मोजणी?"

आता मी काय सांगणार? मुलीची गोष्ट पुन्हा कुणापुढं चघळायची नाही असा माझा पण होता. म्हणून मी म्हटलं, "काही नाही, तात्या. घरगुती आहे."

इथं माझी चूक झाली. सरकारी माणूस रानात झेंड्या लावतो, फक्की टाकतो, आणि वर काही नाही म्हणतो, याचा अर्थ आमच्या मुलखात लहान पोरालाही कळतो. काही नाही म्हणजे फार मोठं काहीतरी आहे. तात्या "बरं" म्हणाले आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं गावाकडे गेले.

तासाभरात बांधावर पंधरा माणसं होती. आणखी अर्ध्या तासानं साठ. त्यांचे दोन पक्ष पडले होते. एका पक्षाचं म्हणणं, नवा रस्ता निघाला, जमिनी जाणार. ही मंडळी सातबारे घेऊन आली होती आणि एकानं तर हरकतीचा अर्ज मोटारसायकलच्या टाकीवर लिहून आणला होता. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, पांढरा गोल म्हणजे हेलिपॅड. कुणीतरी बडं माणूस उतरणार. आमच्या भागात रानात गोल दिसला की माणसं आधी आभाळाकडे बघतात. या पक्षानं झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा आणला होता. नऊ फुटांत हेलिकॉप्टर कसं बसेल, अशी शंका कुणीतरी काढली. हल्ली लहान निघालीत, असं दुसऱ्यानं समजावलं. जोतीराम मधे उभा राहून दोन्ही पक्षांना सांगत होता की दाजींनी आखलंय म्हणजे बघूनच आखलं असंल. त्यानं दोन्ही पक्ष आणखी घाबरले.

मी मनात मोजलं. हे दुसरं.

मग पोलीस पाटील आले. दिग्विजयराव. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कायदा मोबाइलमध्ये. मला न कळवता गावात मोजणी कशी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोजणी नाही. मग हेलिपॅडची परवानगी दाखवा, ते म्हणाले. मी म्हटलं, हेलिपॅड नाही. त्यांची नजर पाटाकडे गेली, सुरीकडे गेली, आणि माझ्या खिशातून डोकावणाऱ्या पानांकडे गेली. एक पान त्यांनी उपसून वाचलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे हे मला, एका सरकारी नोकराला, माहीत नाही का, असं त्यांनी साठ माणसांसमोर विचारलं. मोबाइलमध्ये यादी काढून त्यांनी एकेक कलम तपासायला घेतलं. लिंबू आहे? नाही. बाहुली? नाही. कोंबडं? नाही. कुणाच्या अंगात येणार आहे? मी म्हटलं, ठरलेलं नाही. कुणाला धमकावलंय, फसवलंय, मारहाण केलीय? नाही. यादी संपत आली तसे ते उदास होत गेले. "मग हाय काय हे?" त्यांनी विचारलं, आणि साठ माणसं बांधावरून पुढं झुकली.

तेवढ्यात मला दिसलं. गर्दीच्या मागं, पायवाटेवर, सासूबाईंचा हात धरून श्रिया उभी होती. शेजारी इंदिरा. तिघी माझ्याकडेच बघत होत्या.

सुटकेची एक सोपी वाट होती. मी नुसतं हसून म्हणायचं होतं, पोरीचं खूळ आहे हो, तरुण वय, आपण मनावर घ्यायचं नाही. साठ माणसं हसली असती, पाठीवर थाप पडली असती, सगळे घरी गेले असते. माझी अब्रू शाबूत. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा होतं. त्या वाक्याची चव मला राखीपौर्णिमेपासून ओळखीची होती. मी ते गिळलं.

"ही माझ्या मुलीच्या पूजेची जागा आहे," मी म्हटलं. "माती, वारा, आग, पाणी यांना ती मानते. या गोलात उभं राहून ती मन एका जागी आणते आणि चांगलं मागते. कुणाचं वाईट मागायचं नाही असा तिचा नियम आहे. मला हे कळत नव्हतं तेव्हा मी पाहुण्यांसमोर हसलो. आज मी ते मापात आखून द्यायला आलोय. एवढंच."

लिंबावर एक चिमणी तेवढी बडबडत होती.

"म्हंजी," हाराच्या बाजूनं एकानं दबक्या आवाजात विचारलं, "हेलिकाप्टर न्हाय?"

"नाही."

"आन् रस्ता?" सातबाऱ्याच्या बाजूनं विचारलं.

"नाही."

दोन्ही पक्षांनी एकदमच सुस्कारा सोडला, एकाचा सुटकेचा आणि एकाचा निराशेचा. दिग्विजयरावांना मात्र आता कागद केल्याशिवाय जाता येईना. एवढे लोक जमले म्हणजे पंचनामा हवा. त्यांनी वहीत लिहिलं आणि खड्या आवाजात वाचून दाखवलं की, सदर वर्तुळ हे वर्तुळच असून त्यात कोणतेही हेलिकॉप्टर, महामार्ग अथवा इसम आढळून आला नाही. पंच म्हणून सही करायला त्यांनी गेणूतात्यांना पुढं बोलावलं.

तात्यांनी सही केली नाही. ते वाकले, बांधाच्या कडेचं गवत पायानं बाजूला केलं, आणि खालून हद्दीचा जुना दगड निघाला.

"सायब," ते म्हणाले, "तुमचा गोल माज्यात आलाय. हातभर."

मी फीत लावली. पुन्हा लावली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, आणि तेही साठ खातेदारांच्या साक्षीनं, मोजणीवाल्याचं अतिक्रमण निघालं होतं. वर्तुळाची गोलाई मी इंचात तपासली होती. ते कुणाच्या जमिनीत आहे हे बघायचं विसरलो होतो. हे तिसरं. मी कमरेत वाकून खुंटी उपटायला लागलो, तर तात्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. पोरीचं काम हाय," ते म्हणाले. "दिस मावळंपतूर वापरा माजा हातभर. पर कागदावर घ्या."

पाटलांनी ते कागदावर घेतलं.

गर्दी आपोआप बाजूला झाली आणि श्रिया पुढं आली. वर्तुळाच्या कडेनं ती हळूहळू चालली. प्रत्येक झेंडीपाशी थांबली. पाठ केलेली ओळ ऐन वेळी विसरलेल्या पोरासारखा मी उभा होतो. निळ्या झेंडीपाशी ती थांबली ती थांबलीच.

"पाणी पश्चिमेला असतं, बाबा," ती म्हणाली.

चव्वेचाळीस दिवसांनी माझ्या लेकीनं मला मारलेली ही पहिली हाक, आणि ती चूक दाखवायला. आनंदानं मी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"पुस्तकात पश्चिमच आहे," मी म्हटलं. "पण इथं नीरा दक्षिणेला आहे. मला वाटलं, पाण्याला पाण्याच्या बाजूला उभं करावं. चुकलं असेल तर काठी हलवतो."

ती नदीकडच्या झाडांकडे बघत राहिली. "आणि म्हणून आग पश्चिमेला नेली?"

"तिकडं कारखान्याची चिमणी दिसते."

"ती बंद आहे."

"दिवाळीच्या सुमारास पेटते."

तिनं ओठ दाबून धरले. मला वाटलं रडते की काय. ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, लहानपणी भर आरतीत हसू आलं की हसायची तशी. "राहू दे," ती म्हणाली. "जागेप्रमाणे दिशा लावतात, जाणती माणसं. मी अजून लावायला शिकले नव्हते. मातीची बाजू मोकळी आहे. तिथं तुम्ही उभे राहा."

मी उत्तरेला उभा राहिलो. पूर्वेला इंदिरा. तिनं आगीचा मान आपल्याकडे का नाही, असं एकदा विचारून घेतलं. पश्चिमेला जोतीराम, कारण कारखान्याचा सभासद तोच होता. दक्षिणेला सासूबाईंसाठी कुणीतरी पोतं अंथरलं. श्रियानं सुरी उचलली तेव्हा दिग्विजयराव एक पाऊल पुढं आले. तिनं त्यांना समजावलं की ही फक्त हवेत हद्द आखायला आहे. ते पाऊल मागं गेलं आणि त्यांनी, कुणी न सांगता, मोबाइल बंद केला. तिनं गर्दीला जायला सांगितलं नाही. थांबायचं असेल त्यांनी शांत थांबा, एवढंच म्हणाली. साठच्या साठ थांबले.

मग अडचण आली. बळ उभं करायचं तर सगळ्यांनी मिळून गायला हवं, आणि तिच्याकडचं गाणं इंग्रजी होतं. तिनं एकदा म्हणून दाखवलं. जोतीराम ओठ हलवत राहिला, आवाज आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "गायाचंच हाय नव्हं?" आणि पोत्यावर बसल्या बसल्या, डोळे मिटून, दळताना लागतो तसा सूर लावला.

"बाप मोजितो रान गं, लेक मोजिती अबोला
दोगांच्या गं बांधावरी माजा जीव बाई टांगला."

बांधावरच्या बायकांत खसखस पिकली. मी जमिनीकडे बघितलं, मातीचा मानकरी म्हणून ते माझं कामच होतं. सासूबाई थांबल्या नाहीत.

"शंबर फुटी गं फीत त्याची, उरं हातभर अंतर
तूच फुडं ये माजे बाई, बाप पोचंल नंतर."

दुसरी ओळ बायकांनी उचलली. मग पुन्हा पहिल्यापासून. साठ माणसांचा तो आवाज कांद्याच्या रानावरून नदीकडे गेला, आणि मध्यभागी माझी मुलगी हात पसरून, डोळे मिटून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं की जे मोजण्याचं माप माझ्याकडे नाही. एका क्षणी तिनं हात वर केले आणि सोडून दिले. आवाज आपोआप थांबला. वारा आला होता की मला वाटलं, सांगता येणार नाही. मेणबत्ती मात्र विझली नाही.

विधीनंतर थोडं खायचं असतं. उपासाचे दिवस, म्हणून सासूबाईंनी राजगिऱ्याचे लाडू आणले होते, ते गर्दीला पुरेनात. हेलिपॅडवाल्यांनी आपला पुडा फोडला. हार परत कसा न्यायचा म्हणून त्यांनी तो सासूबाईंना घातला. पाटलांनी श्रियाला विचारलं, काय मागितलं. ती म्हणाली, सांगायचं नसतं. हे पाटलांना पटलं. गेणूतात्यांनी पुढच्या वेळी पूर्ण गोल आपल्याकडे आखावा असं सुचवलं, बांधाची कटकट नको.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. श्रिया गाडीत पुढं माझ्या शेजारी बसली, आणि बावड्याची वेस ओलांडायच्या आत बोलायला लागली. चव्वेचाळीस दिवसांचं साठलेलं होतं. कॉलेजमधल्या मातीच्या प्रयोगाचं, भांडलेल्या मैत्रिणीचं, पाणी दक्षिणेला लावणं किती बरोबर होतं याचं, मेणबत्ती माझ्याच कपात का लावली याचं, एकातून एक. मला हुंकार द्यायलाही फट मिळत नव्हती. फाट्यावर डावीकडे वळलं की बारामतीचा जवळचा रस्ता लागतो. मी गाडी सरळ इंदापूरकडे घेतली.

मागून इंदिरा म्हणाली, "अहो, हा रस्ता लांबचा आहे."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मोजलेला आहे."